एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत शिकवायला एकही फॅमिली डॉक्टर का नसतो?

उंबराखाली

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी २७ वर्षं दवाखाना चालवतोय. गेल्या महिन्यात गावातलाच एक मुलगा पंधरा दिवस माझ्याकडे येऊन बसला. सध्या इंटर्न आहे. कॉलेजने पाठवला नव्हता, सुट्टी काढून स्वतःच आला.

तिसऱ्या दिवशी चाळिशीतली एक बाई आली (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). अंगात कसकस, हातापायाला मुंग्या, झोप नाही, जेवण जात नाही. तपासलं, रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या, घरच्यांची चौकशी केली आणि मंगळवारी पुन्हा बोलावलं. ती गेल्यावर मुलाने विचारलं, "सर, डायग्नोसिस काय?" मी म्हटलं, "आत्ता माहीत नाही. मंगळवारी कदाचित कळेल." पोरगा पार गोंधळला.

त्याचा दोष नाही. वॉर्डात पेशंट त्याच्यासमोर येतो तोपर्यंत चार जणांच्या हातून गेलेला असतो, केसपेपरवर आजाराचं नाव पडलेलं असतं. नाव पडण्याआधीचा आजार कसा दिसतो, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. मंगळवारी बी-१२ जीवनसत्त्व कमी आलं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. मुंग्या थांबल्या, झोप मात्र येईना. तिसऱ्या खेपेला ती बोलली. द्राक्षबागेवर काढलेलं कर्ज, आणि नवरा रात्री घराबाहेर जाऊन बसतो ही भीती. तिचा नवराही माझाच पेशंट, म्हणून त्यालाही बोलावता आलं. दोघांचंही औषध त्या एका भेटीतून ठरलं.

यातलं काय शिकवता येतं आणि ते कुणी शिकवायचं, हा माझा प्रश्न आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचं उद्दिष्टच 'समाजाला प्रथम भेटणारा डॉक्टर' घडवणं असं लिहिलेलं आहे. पण कॉलेजात शरीरशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्यांचे विभाग, आणि प्रथम भेटणाऱ्या डॉक्टरचा विभाग बहुतेक ठिकाणी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) २०१९ च्या कायद्यात फॅमिली मेडिसिनच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकीच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देण्याचं काम पदव्युत्तर शिक्षण मंडळावर सोपवलंय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही एमडी फॅमिली मेडिसिनचा उल्लेख आहे. कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ते एमडी सुरू झालं, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे अशक्य काहीच नाही. मग आपल्याकडे गाडी कुठे अडलीय?

एक जुना आकडा सांगतो. १९६१ साली अमेरिकेतले संशोधक केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-इंग्लंडची माहिती जमवून हिशेब मांडला. १००० प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखतं. २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि फक्त १ जण विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये, अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हाही तिथे पोचणारा हजारात एकाहून कमीच निघाला. आपण आपल्या पोरांना सगळं वैद्यक त्या एकाच्या उशाशी उभं करून शिकवतो. उरलेल्या २४९ जणांचं काय?

शनिवारपेठ

डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी आहे, तरी लिहिते. बाबा ७८ वर्षांचे. हृदयाचे एक डॉक्टर, किडनीचे एक, डोळ्यांचे, प्रोस्टेटचे आणि गुडघ्याचे. पाचही चांगले, कुणाबद्दल तक्रार नाही. दिवसाला १४ गोळ्या. दिवाळीच्या सुमारास बाबा उठले की चक्कर येऊन पडायला लागले. मी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून आतल्या औषधांची नावं वाचत बसले, तेव्हा कळलं की रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने रोज दोनदा पोटात जातेय. शिवाय प्रोस्टेटच्या गोळीनेही प्रेशर उतरतं.

पूर्वी आमचे एक डॉक्टर होते. आजीचं, आईचं, माझं, सगळ्यांचं त्यांना तोंडपाठ. ते थांबले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. पाच जणांची चिठ्ठी एकत्र वाचणारा माणूस आता मला पुण्यात सापडत नाही. तुम्ही ज्या शिक्षणाबद्दल लिहिताय त्यातून असा माणूस तयार होणार असेल, तर माझ्या घरासाठी तो सहाव्या स्पेशालिस्टपेक्षा मोलाचा आहे.

खडूफळा

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम (सामुदायिक वैद्यक) शिकवते, त्यामुळे 'विभागच नाही' हे वाक्य मला लागलं. ग्रामीण आणि नागरी आरोग्य प्रशिक्षण केंद्रं आम्हीच चालवतो. २०२१-२२ च्या बॅचपासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात. पहिल्या वर्षापासून पोरं त्या घरांत जातात, वजन-उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघतात. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर गाव दत्तक घेण्याची परंपरा कितीतरी जुनी आहे. देशाची आरोग्यव्यवस्था आखणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये सामाजिक डॉक्टरची कल्पना मांडली, ती आमच्याच विषयाने इतकी वर्षं सांभाळली. एम्समध्ये बऱ्याच ठिकाणी विभागाचं नावच सामुदायिक आणि कौटुंबिक वैद्यक आहे. मग आणखी वेगळा विभाग कशाला? आधीच पीएसएमला पीजीला येणारी मुलं कमी. त्यातून अर्धा भाग काढून घेतला की दोन्ही विभाग दुबळे होतील, ही माझी खरी भीती आहे.

उंबराखाली

मॅडम, लागलं असेल तर क्षमस्व. तुमच्या विषयाचं ऋण मोठं आहे. लसीकरण, साथ, पाणी, माता-बालमृत्यू हे सगळं तुमच्याकडून शिकलो आणि रोज वापरतो.

पण तुमचा पेशंट म्हणजे गाव. माझा पेशंट म्हणजे समोर स्टुलावर बसलेली ती बाई. गावातल्या किती बायकांना रक्तक्षय आहे, हे तुम्ही शोधता. या बाईची झोप का उडाली हे शोधायला तिच्यासमोर बसून, तपासून, औषध देऊन, दहा वर्षं तिच्या घरावर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. तुमच्या नागरी केंद्राची ओपीडी रोज कोण बघतं, ते प्रामाणिकपणे सांगाल का?

खडूफळा

इंटर्न बघतात. मेडिकल ऑफिसर असतो, पण त्याच्याकडे शिकवण्याचं पद नाही. आम्ही प्राध्यापक आठवड्यातून एक-दोनदा जातो, तेही बरेचदा रजिस्टर बघायला. विचारलंत म्हणून सांगितलं. दत्तक कुटुंबांचंही तसंच. मुलं मोजमाप करून आणतात, पण एखाद्या घरात दारूने मारहाण चाललेली दिसली तर परत येऊन कुणाशी बोलायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. कधी कधी मलाही नसतं.

रातपाळी

मी फॅमिली मेडिसिनमधल्या डीएनबी या पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांचा कोर्स. राष्ट्रीय परीक्षा मंडळ तो बऱ्याच वर्षांपासून चालवतं. आतली बाजू सांगते.

मेडिसिनमध्ये काही महिने, मग सर्जरी, गायनॅक, बालरोग, असं फिरवतात. सगळीकडे हाताला काम भरपूर, शिकायला मिळतं. पण दीड वर्षात मला शिकवणारा एकही माणूस फॅमिली फिजिशियन नव्हता. मेडिसिनमध्ये मी अर्धी फिजिशियन, सर्जरीत अर्धी सर्जन. प्रत्येक विभागात 'बाहेरची'. या सगळ्याची मोळी बांधून एका दवाखान्यात कसं बसायचं, ते शिकवायलाच कुणी नाही. माझा प्रबंधही रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांवरच आहे, कारण गाईडला तेवढेच रुग्ण मिळतात.

म्हणून माझ्या मते नुसत्या सीट वाढवून भागणार नाही. आधी शिक्षक हवेत. आणि अडचण अशी की शिक्षक व्हायला साधारणपणे त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी लागते, पदवीला विभाग लागतो, विभागाला शिक्षक लागतो. २७ वर्षं दवाखाना चालवलेल्या एमबीबीएस डॉक्टरला आजच्या नियमांनी सहायक प्राध्यापकही होता येत नाही. हे चक्र कुठेतरी मुद्दाम तोडावं लागेल.

यॉर्कशायरकर

मिरजेहून इंग्लंडला आलो, १६ वर्षं जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आहे. इथे हे चक्र कसं तुटलं, ते सांगतो.

एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवा १९४८ ला सुरू झाली तेव्हा इथले जीपी फार वाईट अवस्थेत होते. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडभर दवाखाने बघून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल लिहिला. अंधारे दवाखाने, तपासायला टेबल नाही, पेशंट उभ्या उभ्या बघायचा, असं सगळं त्यात होतं. जीपींना फार झोंबलं. पण १९५२ मध्ये त्यांनीच स्वतःचं कॉलेज स्थापन केलं. सर्जन आणि फिजिशियन मंडळींच्या जुन्या कॉलेजांना ते नको होतं. मग १९६३ मध्ये एडिनबरा विद्यापीठात रिचर्ड स्कॉट जनरल प्रॅक्टिसचे प्राध्यापक झाले. या विषयाचं ते जगातलं पहिलं प्राध्यापकपद. विद्यापीठाचा दवाखाना त्याआधीपासूनच चालू होता. म्हणजे आधी दवाखाना, मग पद, असा क्रम होता. कॅनडातही इयन मॅकव्हिनी १९६८ मध्ये प्राध्यापक झाले, ते इंग्लंडात जीपी म्हणून काम करून गेलेले.

मी स्वतः ट्रेनर आहे. शिकाऊ डॉक्टर माझ्याच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत पेशंट बघतो. आठवड्याला ठरलेला तास आम्ही दोघं बसतो. पेशंटची परवानगी घेऊन त्याच्या भेटीचं चित्रीकरण बघतो. 'इथे ती बाई थांबली होती, तू प्रश्न विचारून तिचं बोलणं तोडलंस', हे दाखवल्याशिवाय कळत नाही. मलाही माझ्या ट्रेनरने असंच दाखवलं होतं, तेव्हा कान लाल झाले होते.

पण इथलं सगळं आलबेल आहे, असं मुळीच समजू नका. प्राध्यापकपदं आहेत, संशोधन आहे, आणि तरीही एकाच डॉक्टरला पुन्हा पुन्हा भेटणं इथे वर्षागणिक अवघड होतंय. हे फार मोठं नुकसान आहे. नॉर्वेत ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून निघालंय की १५ वर्षांहून अधिक काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांमध्ये, एकाच वर्षाची ओळख असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतं. शनिवारपेठ यांच्या घरचे जुने डॉक्टर म्हणजे नेमकं हेच. भारतात अजून अनेक गावांत ते उरलंय. नवा विभाग उभारण्याच्या नादात ते मोडू देऊ नका.

सुईदोरा

मी सर्जन आहे, मला विरोधी बाजू मांडू द्या. पेशंटच्या पोटात दुखतं, महिनाभर फॅमिली डॉक्टर गोळ्या देतो आणि माझ्याकडे येतो तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं असतं. असे पेशंट मी दर महिन्याला बघतो. लवकर स्पेशालिस्टकडे पाठवलेलं काय वाईट?

दुसरं पैशाचं. तीन वर्षं पीजी करून दवाखान्याची फी १५०-२०० रुपयेच राहणार असेल, तर नीट पीजीनंतर पसंतीक्रम भरताना कुठला मुलगा हा विषय वर टाकेल? ग्रामीण रुग्णालयात पदं सर्जनची, भूलतज्ज्ञाची, स्त्रीरोगाची, बालरोगाची. फॅमिली मेडिसिन केलेल्याला सरकार कुठल्या पदावर घेणार? आधी पद निर्माण करा, विभाग आपोआप येईल.

उंबराखाली

पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पद आणि पगार नसेल तर बाकी सगळं कागदावर राहील.

अपेंडिक्सचं सांगतो. फुटलेलं अपेंडिक्स तुमच्याकडे येतं ते वाईट शिक्षणामुळे, आणि म्हणूनच तर हा धागा काढला. पण 'सगळ्यांना लवकर पाठवा' यातला धोका आकड्यांत बघा. समजा एक तपासणी आहे, आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडते आणि निरोगी १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडते. चांगलीच म्हणायची. तुमच्या वॉर्डात १०० पैकी ५० जणांना खरोखर आजार आहे. तिथे तपासणी ४५ खऱ्यांना पकडेल आणि ५ जणांना उगाच. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवाल, आणि बरोबर ठराल.

आता तीच तपासणी माझ्या दवाखान्यात आणा. माझ्या १००० जणांत १० जणांना तो आजार आहे. ती ९ खरे पकडेल, आणि उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही पॉझिटिव्ह दाखवेल. १०८ पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यात खरे ९. बाकीचे ९९ जण पुढच्या तपासण्या, स्कॅन, कर्ज, धास्ती या रस्त्याला लागणार. यंत्र तेच, रसायन तेच. बदलली ती फक्त जागा.

म्हणून तुमचं वैद्यक आणि माझं वैद्यक यांत वरचं-खालचं काही नाही, पण ते वेगळं आहे. दुखणं पहिल्या दिवशी बघून 'याला आज रात्रीच पाठव' आणि 'याला परवा परत बोलाव' हे ओळखणं, दारात कुठल्या खुणांवर डोळा ठेवायचा हे ठरवणं, थांबायचं तर पेशंटला काय सांगून थांबायचं, हे शिकवायला पुस्तकं आपल्या दवाखान्यांतल्या नोंदींवरून लिहावी लागतील. वॉर्डातल्या नोंदींवरून लिहिलेलं पुस्तक मला तिथे दगा देतं. हा माझ्या मते विभागाचा सगळ्यात मोठा उपयोग.

सातपुडा

नंदुरबारकडे एमओ (सरकारी मेडिकल ऑफिसर) आहे. नोंदींचा विषय निघाला म्हणून लिहितो.

माझ्या पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) दर महिन्याला ढीगभर माहिती वर जाते. परत काहीच येत नाही. मी काय बघतो, त्यातून काय शिकावं, हे मला कुणी विचारलेलं नाही. पण याच महाराष्ट्रात उलटही घडलंय. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या पेशंटांच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब लिहून ठेवत होते. त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला, 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला आणि कोकणातली कितीतरी पोरं वाचली. मोठ्या रुग्णालयाला हे सुचलं नसतं, कारण ते पेशंट तिथवर जिवंत पोचतच नव्हते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्यापर्यंत न आलेलं दुखणं तेव्हा पहिल्यांदा मोजलं गेलं. पुढे ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला, १९९९ मध्ये छापला गेला. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळाच्या घरी भेटी देतात, त्याच्या मुळाशी ते आहे.

पण ही माणसं विद्यापीठाच्या आधाराशिवाय उभी राहिली. असामान्य होती म्हणून जमलं. मी सामान्य आहे. मला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा, नोंदी तपासायला एक सोबती आणि चुकलं तर सांगणारा शिक्षक मिळाला, तर सिकलसेलच्या पोरांवर मीही काहीतरी लिहू शकेन. विभाग म्हणजे माझ्यासाठी एवढंच.

गिरणगाव

मी बीएचएमएस (होमिओपॅथ) आहे, आमच्यासाठीचा आधुनिक औषधांचा सीसीएमपी हा एक वर्षाचा कोर्स केलाय. त्यावर इथे वाद नको, पण एक वस्तुस्थिती आहे. मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत रात्री दहा वाजता उघडा असलेला दवाखाना बहुतेक माझ्यासारख्याचा किंवा बीएएमएसवाल्याचा असतो. लोकांचा फॅमिली डॉक्टर कागदावर कुणीही असो, प्रत्यक्षात आम्ही आहोत. काय करायचं नाही, कुठे थांबायचं, कुणाला लगेच केईएमला पाठवायचं, हे मला शिकायचं आहे. फॅमिली मेडिसिनचा विभाग झाला तर त्याची दारं आमच्यासाठी निदान शिकण्यापुरती तरी उघडी असावीत.

रातपाळी

गिरणगाव, मनापासून अनुमोदन. पात्रतेचा वाद कोर्टात चालू दे. पेशंट सुरक्षित राहावा यासाठीचं शिक्षण कुणालाच नाकारू नये.

सुईदोरा

आकडे वाचून कालपासून विचार करतोय. माझ्या ओपीडीत पोटाच्या सोनोग्राफीत 'काहीतरी सापडलं' म्हणून येणारे निम्मेअधिक लोक मी धीर देऊन परत पाठवतो. ते ९९ मधले, हे असं कधी मांडलं नव्हतं. पदांचा मुद्दा मात्र सोडत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फॅमिली मेडिसिनचं एक पद, त्याच पातळीच्या पगाराचं, आणि त्याच्याकडे इंटर्न पाठवायची सक्ती. एवढी एक मागणी लावून धरली तर मी सही करेन.

दुसरा_पंधरवडा

सरांच्या पहिल्या पोस्टमधला 'गोंधळलेला पोरगा' मीच. त्या बाईचं तिसऱ्या भेटीतलं बोलणं मी ऐकलं तेव्हा खोलीतून बाहेर जावं की बसावं, हेच कळत नव्हतं. सरांनी नुसता हात करून बसायला सांगितलं. वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये मला सलाईन लावता आलं, टाके घालता आले, प्रसूती करता आली. पण त्या खोलीत गप्प कसं बसायचं ते तिथे शिकलो. माझ्या बॅचमधले आणखी चौघं यायला तयार आहेत. कॉलेजने लॉगबुकात (इंटर्नच्या कामाच्या नोंदवहीत) धरलं तर वीस जण येतील.

खडूफळा

लॉगबुकात धरण्याचं मी बघते. सामुदायिक वैद्यकाची पोस्टिंग माझ्याकडेच आहे आणि नागरी केंद्रातली ओपीडी आमच्या विभागाची. बाहेरच्या डॉक्टरला प्राध्यापक नेमता येत नाही, पण निमंत्रित म्हणून बसवायला नियमाची आडकाठी नाही, तसं डीनशी बोलणं झालंय. मानधन अजून मंजूर नाही, ते लेखी मागितलंय. उंबराखाली, तुम्ही आमच्यापासून दीड तासावर आहात. आठवड्याला एक सकाळ द्याल का? चार इंटर्न, एक खोली, दोन खुर्च्या जास्तीच्या. तुम्ही पेशंट बघा, मुलं तुमच्याशेजारी बसतील, आणि मीही बसेन. मला त्या मारहाणीच्या घराबद्दल तुमच्याशी बोलायचंच आहे.

उंबराखाली

येतो. गुरुवारी आमचा बाजार नसतो, गर्दी कमी. दवाखाना दुपारी चारला उघडेन, तसा बोर्ड आजच लावायला सांगतो. केंद्रातले जुने केसपेपर कुटुंबवार लावलेले आहेत की तारखेप्रमाणे? तारखेप्रमाणे असतील तर पहिल्या गुरुवारी सगळ्यांनी मिळून तेच काम करू.